पब्लिक कसं आहे?

आई-बाबांच्या लग्नाला गेल्या वर्षी तीस वर्षं झाली, म्हणून ताईनं आणि मी मिळून त्यांना क्रूझवर न्यायचं ठरवलं. नाशिकच्या माणसाला समुद्र तसा परकाच. आमच्याकडे गोदावरी आहे, गंगापूर धरण आहे, धरणावर बोट क्लब आहे. पण समुद्र बघायचा तर कसारा घाट उतरावा लागतो. बाबा सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, आईनं घर आणि शिवणक्लास सांभाळलेला. जहाजावर रात्र दोघांनीही कधी काढलेली नव्हती. मी विषय काढला तेव्हा बाबांनी आधी किंमत विचारली. आईनं विचारलं, "तिथे आपल्यासारखी माणसं असतील ना रे?"

मला तो प्रश्न आवडला नाही. 'आपल्यासारखी' म्हणजे कशी, हे खोदून विचारलं की आपल्याकडे बोलणं कुठे जाऊन पोचतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी थोडं वैतागून "असतील गं" म्हणालो, खोलीत गेलो आणि नुकत्याच क्रूझवर जाऊन आलेल्या मित्राला मेसेज टाकला : "पब्लिक कसं असतं रे तिथे?"

हा लेख या दोन प्रश्नांबद्दल आहे. पुढचे दोन-तीन महिने जहाज निवडण्याच्या निमित्तानं मी जे वाचलं-पाहिलं, त्यात पर्यटन कंपन्यांची माहितीपत्रकं होती, प्रवाशांचे अभिप्राय होते, व्हिडिओ होते, एक हिंदी सिनेमा, एक गाजलेला अमेरिकन निबंध आणि कोकणच्या आगबोटींचा थोडा इतिहास होता. यातलं प्रत्येक जण 'सोबत कोण असेल' याचंच उत्तर देत होतं, बहुतेकदा प्रश्न न उच्चारता. हे सगळं एकत्र ठेवून वाचलं तेव्हा मला माझ्याच मेसेजची जास्त लाज वाटली. ती का वाटली, ते सांगायचा हा प्रयत्न आहे.

'क्राउड' नावाची सांकेतिक भाषा

जागा माणसांवरून निवडणं आम्हाला नवीन नाही. नाशिकमध्ये वायनरीला जायचं ठरलं की पहिली चर्चा वाइनची नसते. 'सुलाला शनिवार-रविवारी मुंबईचं पब्लिक असतं, त्यापेक्षा शेजारी यॉर्कला जाऊ' हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा बोललो आहे. मिसळीचंही तेच. कुठली तर्री जास्त चांगली यावर वाद होतो, पण रविवारी सकाळी गाडी वळते ती कुठे गर्दी कमी आणि 'जेंट्री' बरी असेल तिकडे.

क्रूझच्या अभिप्रायांत ही भाषा फार पुढे गेली आहे. 'फॅमिली क्राउड' म्हणजे लहान मुलं असतील, दारूचा धिंगाणा कमी असेल. 'यंग क्राउड' म्हणजे डीजे रात्री दोनपर्यंत. 'डिसेंट क्राउड' म्हणजे इंग्रजी बोलणारा. 'मिक्स क्राउड' हे कौतुक नसून इशारा असतो. 'बुफेला झुंबड उडवणारे', 'ग्रुपनं येणारे', 'मोठ्यानं बोलणारे' ही वर्णनं वाचताना वाचकानं आपापल्या मनात एखादा प्रांत, एखादी भाषा, एखादी जात भरून घ्यायची असते. लिहिणाऱ्यानं काहीच म्हटलेलं नसतं. जबाबदारी वाचणाऱ्याची.

मी हे इतक्या खात्रीनं लिहू शकतो, कारण माझं कामच याच्या आसपासचं आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ज्या वेबसाइट्स तुम्हाला 'हे पण आवडेल' म्हणून काहीतरी दाखवतात, त्यांच्या मागे बऱ्याचदा एक साधी कल्पना असते : तुमच्यासारखी माणसं शोधा, त्यांनी काय घेतलं ते पाहा, तेच यांना दाखवा. त्या गणिताला वस्तूबद्दल काही कळावं लागत नाही. जहाज किती मोठं, जेवण कसं, समुद्र कुठला, यातलं काही माहीत नसलं तरी चालतं. कोण कोणासारखं आहे एवढं कळलं की पुरे. म्हणजे आईचा जो प्रश्न मला जुनाट वाटला, तोच प्रश्न संगणकाकडून लाखो वेळा विचारून घेण्याचा मला पगार मिळतो.

माहितीपत्रकांची तऱ्हा उलटी आहे. त्यांत माणसंच नसतात. जवळपास अठराशे प्रवासी मावतील अशा जहाजाच्या फोटोत डेकवर एक जोडपं उभं असतं, पाठमोरं, सूर्यास्ताकडे बघत. पोहण्याच्या तलावात कोणीच नाही. बुफेच्या टेबलावर कलिंगडाचा कोरलेला मोर आहे, पण रांग नाही. अभिप्रायात गर्दीखेरीज काही नाही आणि माहितीपत्रकात गर्दीच नाही. दोन्ही वाचणाऱ्याला एकच आश्वासन देतात, की तू या गर्दीतला नाहीस.

लोखंड तेच, माणसं वेगळी

जहाज कंपन्या ज्याला 'वातावरण' म्हणतात ते नेमकं कशाचं बनलेलं असतं, याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला जहाजांच्या चरित्रांत सापडलं. माणसाला जन्मगाव असतं तसं जहाजालाही असतं. आणि जहाज नाव बदलून पुन्हा पुन्हा संसार मांडतं.

सप्टेंबर 2021 पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे जहाज 1990 मध्ये रॉयल कॅरिबियनसाठी बांधलं गेलं. तेव्हा त्याचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस' होतं आणि काम होतं मायामीहून बहामाला तीन-चार रात्रींच्या छोट्या सहली. 2008 मध्ये ते पुलमांतूर या स्पॅनिश कंपनीकडे गेलं आणि त्यावर स्पॅनिश कुटुंबं सुट्ट्या घालवू लागली. 2016 मध्ये ते परत अमेरिकेकडे आलं, 2017 मध्ये हवानाला जाऊन आलं आणि मग मुंबईला पोचलं. त्याच्या आधी, एप्रिल 2019 मध्ये, मुंबईहून 'कर्णिका' सुरू झालं होतं. त्याचाही जन्म 1990 चा. 'क्राउन प्रिन्सेस' या नावानं ते समुद्रात उतरलं तेव्हा त्याच्या आकाराची चर्चा झाली, कारण त्याच्या रचनेत रेंझो पियानो या नामांकित इटालियन वास्तुरचनाकाराचा हात होता. पुढे ते जर्मन प्रवाशांसाठी चाललं, मग ब्रिटिश, मग 'पॅसिफिक ज्युएल' नावानं ऑस्ट्रेलियन, आणि शेवटी आपल्यासाठी, जैन जेवण आणि बॉलिवूड नाइटसह. कोविडमध्ये कंपनी बंद पडली आणि 2020 मध्ये गुजरातेतल्या अलंगच्या किनाऱ्यावर ते मोडीत निघालं.

एकाच जहाजावर जर्मन माणूस शांतपणे बिअर पितो, ऑस्ट्रेलियन आरडाओरडा करतो आणि सुरतचा ग्रुप गरबा खेळतो. जिने, खिडक्या, डेकची लांबी बदललेली नाही. मग 'या जहाजाचं वातावरण रिलॅक्स्ड आहे' या वाक्यात जहाज कुठे आहे? वाक्य माणसांबद्दल आहे, आणि माणसांबद्दल बोलणं अवघड जातं म्हणून आपण ते जहाजाच्या नावावर खपवतो.

मुंबईच्या बाबतीत याचा एक कडवट पुरावाही आहे. 2 ऑक्टोबर 2021 ला गोव्याकडे निघणाऱ्या जहाजावर अमली पदार्थविरोधी यंत्रणेनं छापा टाकला आणि पुढचे कित्येक आठवडे वृत्तवाहिन्यांवर दुसरं काही नव्हतं. मे 2022 मध्ये आरोपपत्र दाखल झालं तेव्हा अटक झालेल्यांपैकी सहा जणांविरुद्ध पुरेसा पुरावा नसल्याचं त्याच यंत्रणेनं सांगितलं. ती बातमी किती जणांच्या लक्षात आहे? मी मुंबईहून निघायचं म्हटल्यावर बाबा म्हणाले, "ती ड्रग्जवाली बोट ना?" जहाजावर कोण होतं, कोण नव्हतं, कोण सुटलं, हा तपशील गळून पडला, 'पब्लिक' तेवढं लक्षात राहिलं.

अमेरिकेत ही निवड म्हणजे मोठाच उद्योग आहे. न्यू जर्सीचा माझा मावसभाऊ फोनवर अर्धा तास समजावत होता : कार्निव्हल घेऊ नकोस, 'पार्टी क्राउड' असतो, रॉयल कॅरिबियन मुलाबाळांसाठी, सेलिब्रिटी जरा 'मॅच्युअर', हॉलंड अमेरिकेवर सगळे निवृत्त, क्युनार्डवर गाला रात्रीला सूट घालावा लागतो, व्हायकिंग आणि व्हर्जिनवर अठराच्या आतल्यांना प्रवेशच नाही. हे सगळं त्यानं स्वतः अनुभवलेलं नव्हतं. तो एकदाच क्रूझवर गेला आहे. पण तिथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला हे पाठ असतं, कारण कुठलं उपनगर, कुठली शाळा आणि कुठली क्रूझ, हे तिथे एकाच परीक्षेचे तीन पेपर आहेत. 'पार्टी क्राउड' म्हणताना त्याचा आवाज किंचित खाली गेला. पुण्या-नाशिकमध्ये घर भाड्यानं देताना 'सोसायटीत कोण लोक आहेत' हे विचारताना आवाज जसा खाली जातो, तसाच.

गंमत अशी, की कार्निव्हल, हॉलंड अमेरिका, प्रिन्सेस, कोस्टा आणि क्युनार्ड या सगळ्यांची मालकी एकाच कार्निव्हल कॉर्पोरेशनकडे आहे. रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटी हीसुद्धा एकाच घरातली भावंडं. 'त्या लोकांपासून' लांब राहण्यासाठी आपण जास्त पैसे मोजतो आणि ते त्याच गल्ल्यात जातात. कंपनीला दोन्ही प्रकारची माणसं हवी असतात. फक्त त्यांना एकमेकांची दृष्ट लागू नये एवढी व्यवस्था तिनं केलेली असते.

काठावर उभा राहून लिहिणारा

क्रूझवर लिहिलेल्या गद्यात डेव्हिड फॉस्टर वॉलेसच्या निबंधाचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. मार्च 1995 मध्ये 'हार्पर्स' मासिकानं त्याला सात रात्रींच्या कॅरिबियन सहलीवर पाठवलं. जहाजाचं नाव 'झेनिथ', म्हणजे आकाशातला सर्वांत उंच बिंदू. वॉलेसनं लेखात त्याचं बारसं 'नेदिर', म्हणजे सर्वांत खालचा बिंदू, असं केलं. जानेवारी 1996 मध्ये तो निबंध छापून आला आणि तेव्हापासून क्रूझ या प्रकाराला नाक मुरडणाऱ्यांचा तो आधार बनला आहे.

तो निबंध मी दोनदा वाचला. त्यातला सर्वांत टोकदार भाग माहितीपत्रकावरचा आहे. कंपनीनं एका प्रतिष्ठित लेखकाकडून प्रवासवर्णन लिहून घेऊन ते माहितीपत्रकात निबंधासारखं छापलं होतं. जाहिरातीनं जाहिरात म्हणून समोर यावं. ती आपुलकीचं सोंग घेते तेव्हा खऱ्या आपुलकीवरचाही आपला विश्वास उडतो, असं वॉलेसचं साधारण म्हणणं. आज ज्या तरुण जोडप्यांच्या क्रूझच्या व्हिडिओंवर आपण निर्णय घेतो, त्यांच्या कोपऱ्यातली 'पेड पार्टनरशिप' ही बारीक अक्षरं वाचताना हे आठवतं.

पण निबंध मला शेवटपर्यंत पटला नाही. वॉलेस स्वतःला गर्दीतून पूर्णपणे वगळत नाही, हे खरं. धक्क्यावर उतरलेल्या आपल्याच सहप्रवाशांकडे वरच्या डेकवरून बघताना आपणही त्याच कळपातले आहोत हे त्याला कळतं आणि त्याला शरम वाटते. मात्र ही शरम एकट्या माणसाची आहे. त्याच्यासोबत कोणी नाही. ज्या माणसांकडे तो वरून बघतो त्यांच्यात त्याची आई नाही. आई खाली उभी असती, पाण्याची बाटली आणि टोपी सांभाळत, तर त्याला ते वाक्य लिहिता आलं असतं का? लिहिलंच असतं, तर ते दुसऱ्या कुठल्यातरी शाईनं लिहावं लागलं असतं.

आपल्याकडे क्रूझची पहिली ठसठशीत प्रतिमा दिली ती झोया अख्तरच्या 'दिल धडकने दो' (2015) या सिनेमानं. तिथेही निमित्त लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाचं आहे. कमल मेहरा हा उद्योगपती सहप्रवाशांचा प्रश्न एका फटक्यात सोडवतो : सगळं पब्लिक तोच निवडून, निमंत्रण देऊन आणतो. दिल्लीच्या दिवाणखान्यात जे जे एकमेकांना टाळू शकत होते ते सगळे भूमध्य समुद्रात एका जहाजावर कोंडले जातात. निवडलेली माणसंच सगळ्यात जास्त जाचतात, हे या सिनेमानं नेमकं पकडलं आहे. आणि मेहरांच्या मुलाचं मन जिच्यावर बसतं ती पाहुण्यांतली नाहीच, जहाजावर नोकरी करणारी नर्तकी आहे. यादीत नसलेली माणसं जहाजावर असतात, त्यांना नाव-गाव असतं, ही गोष्ट सिनेमाला आठवली. बाकी साहित्याला ती क्वचितच आठवते. शेवटी मात्र सिनेमा कच खातो. मुलगा समुद्रात उडी मारतो, कुटुंब जीवरक्षक होडीत बसून त्याला गाठतं, आणि सुख सापडतं ते अशा होडीत जिथे घरच्यांशिवाय दुसरं कोणी नाही. म्हणजे पुन्हा माहितीपत्रकातला फोटो.

योगायोग असा, की हा सिनेमा ज्या 'सॉव्हरिन' जहाजावर चित्रित झाला ते, वॉलेसचं 'झेनिथ' आणि मुंबईचं 'एम्प्रेस', ही तिन्ही आयुष्याच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर त्याच स्पॅनिश पुलमांतूरच्या ताफ्यात होती. आपण तीन वेगळ्या जगांबद्दल वाचतो आहोत असं वाटतं, आणि तिन्ही लोखंडं एकाच गोठ्यातली निघतात.

डेकवरची वळकटी

क्रूझला आपण परदेशी चैन समजतो, पण मराठी माणूस जहाजातली गर्दी दीडशे वर्षं ओळखतो. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या आगबोटींत डेकवर वळकटी पसरली की तेवढी जागा आपली. शेजारी कोण येणार हे ठरवायची सोय नव्हती. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. भर समुद्रात पडावात उतरायचं, आणि त्या वेळी हात धरणारा कोण, कुठला, याची चौकशी कोणी करत नसे. उलटी झाली तर तिला नावही त्या प्रवासानंच दिलं : 'बोट लागली'.

तरी 'कुठल्या कंपनीची बोट' हा प्रश्न तेव्हाही होता. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन या साहेबी कंपनीला स्पर्धा म्हणून स्वदेशीच्या काळात सहकारी तत्त्वावर एक भारतीय कंपनी उभी राहिली. लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या बोटींची नावं होती 'तुकाराम', 'रामदास'. नाव वाचूनच माणसाला वाटावं, ही आपली. इथे 'आपली' निवडण्यात स्वाभिमान होता, राजकारण होतं, आणि ते मला खोटं वाटत नाही. पण आपलेपणानं बोट तरंगत नाही, हेही त्याच इतिहासानं दाखवलं. नोव्हेंबर 1927 मध्ये 'तुकाराम' बुडाली. 17 जुलै 1947 ला रेवसकडे निघालेली 'रामदास' वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोट निवडताना नावाआधी काय विचारायला हवं, याचा धडा इतक्या मोठ्या किमतीला मिळाला.

आणि तरीही आईचा प्रश्न मी हसण्यावारी नेऊ शकत नाही, याचं कारण 1883 मध्ये आहे. त्या वर्षी 7 एप्रिलला कल्याणच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अठरा. नवरा सोबत नाही. शाकाहारी, नऊवारीतली, परक्या भाषेच्या गर्दीत एकटी. सोबतीला मिशनरी स्त्रिया, त्याही कितीतरी खटपटीनंतर ठरलेल्या. 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. जवळपास दोन महिने पाण्यावर काढणाऱ्या त्या मुलीसाठी 'बोटीवर कोण असेल' हा प्रश्न प्रतिष्ठेचा नव्हता. काय खायला मिळेल, कोण हसेल, आजारी पडले तर कोण विचारेल, रात्री दार लावून निर्धास्त झोपता येईल का, असा तो प्रश्न होता.

तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या आणि आईच्या प्रश्नातला फरक दिसला. 'आपल्यासारखी माणसं असतील ना' यात जात-वर्गाची भिंत असू शकते. आमच्या घरात ती अजिबात नाही असा दावा मी करणार नाही. पण त्यात एक भीतीही असते, आपणच वेगळे पडू, आपल्याला हसतील, ही. 'पब्लिक कसं असतं' यात ती भीती नाही. ते विचारणारा स्वतःला पब्लिक समजतच नाही. तो परीक्षक आहे.

पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' मला म्हणूनच क्रूझवरच्या सगळ्या लेखनापेक्षा थोर वाटते, जरी ती जहाजाबद्दल नाही. कोकणातून मुंबईकडे निघालेल्या एस.टी.खाली म्हैस येते आणि कोणीच कोणाला निवडलेलं नसलेली माणसं रस्त्यावर एकत्र अडकतात. तिथे प्रत्येक जण हास्यास्पद आहे, पण सांगणारा त्यांच्यातच बसलेला आहे. त्याचंही तिकीट तेच आहे. त्या विनोदाला खिडकीबाहेरून बघता येत नाही. वातानुकूलित स्लीपर, ओळखीच्या ग्रुपची टूर आणि 'क्युरेटेड' क्रूझ आल्यावर आपल्या प्रवासवर्णनांतून सहप्रवासी हळूहळू का नाहीसा झाला, याचं उत्तर मला इथे दिसतं. निवडून घेतलेल्या माणसांबद्दल फारसं लिहिण्यासारखं नसतं.

दोन खुर्च्या लांब

शेवटी आम्ही गेलो. कुठल्या जहाजावर ते सांगत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस, मग टॅक्सीनं बॅलार्ड पिअर. पंचवटीत बसल्यावर बाबांनी जुनी गोष्ट पुन्हा सांगितली, की याच गाडीच्या पासधारकांनी एक डबा 'आदर्श कोच' म्हणून चालवला, शांततेचे आणि स्वच्छतेचे नियम स्वतःच केले आणि पाळले. मी ती गोष्ट लहानपणापासून ऐकत आलोय. या वेळी लक्षात आलं, की तिथे चांगलं वातावरण तिकिटाच्या दरात मिळालेलं नव्हतं. रोज भेटणाऱ्या माणसांनी ते तयार केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोहण्याच्या तलावाजवळ आरामखुर्चीत पुस्तक घेऊन पडलो होतो. आईनं चहाच्या रांगेत दोन मैत्रिणी जमवल्या होत्या, एक सुरतची, एक संभाजीनगरची. तिघी तलावाच्या काठावर सलवार पोटरीपर्यंत दुमडून पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. मध्ये आईचा स्टीलचा डबा, त्यात भडंग. आवाज मोठे, हसणं त्याहून मोठं. माझ्या पलीकडे माझ्याच वयाचं एक जोडपं होतं. मुलानं गॉगल कपाळावर सरकवला, तिकडे बघितलं आणि मराठीत म्हणाला, "कसलं पब्लिक येतं यार."

मी काहीच बोललो नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण आईनं मला हाक मारायच्या आत मी उठलो, पुस्तक घेतलं आणि दोन खुर्च्या लांब, तिच्याकडे पाठ होईल अशा जागी जाऊन बसलो. आपण तिच्यासोबत आहोत हे त्या मुलाला कळू नये म्हणून. त्यानं बोललेलं वाक्य माझंच होतं. मीच ते दोन महिन्यांपूर्वी मित्राला टाईप करून पाठवलं होतं, फक्त प्रश्नचिन्हासह.

संध्याकाळी आई सांगत होती, की वरच्या मजल्यावर चहा देणारा पोरगा रत्नागिरीकडचा आहे. तिला 'काकू' म्हणतो. चहा सहाला सुरू होतो, पण तिला पहाटेच जाग येते हे कळल्यावर म्हणाला, तुम्ही साडेपाचला या, मी असतो. घरी दोन लहान बहिणी आहेत. सलग कित्येक महिने जहाजावरच असतो. अशा मोठ्या जहाजांवर काम करणारी माणसं शेकड्यांनी असतात. 'क्राउड कसा आहे' याचं उत्तर देताना एकाही अभिप्रायात ती मोजलेली मी पाहिली नाहीत. आईला तिच्यासारखं माणूस मिळालं ते नेमकं त्या न मोजलेल्यांत.

जहाजांच्या परीक्षणांनी काय विचारावं, याची माझी यादी आता वेगळी आहे. शांत बसायला जागा आहे का, आणि ती फुकट आहे का? पोहता न येणाऱ्या माणसानं तलावाजवळ काय करायचं? साडी नेसलेल्या बाईला कुठल्या दारातून परत पाठवतात का? काम करणाऱ्यांना सुट्टी कधी असते? सकाळचा पहिला चहा किती वाजता? या प्रश्नांची उत्तरं तपासता येतात, आणि ती देताना कोणाला तरी खाली बसवावं लागत नाही. 'पब्लिक कसं आहे' याचं खरं उत्तर एकच असू शकतं : मी तिकीट काढलं, म्हणजे माझ्यासारखं आहे.

त्या दोन खुर्च्यांबद्दल मी आईला सांगितलेलं नाही. तिनं पाहिलं असेल, तर तीही बोललेली नाही. परत आल्यावर इंदिरानगरातल्या आमच्या शेजारच्या काकू विचारायला आल्या. त्यांच्या मुलानंही बुकिंग करायचं ठरवलं होतं. सगळी चौकशी झाल्यावर त्यांनी जरा आवाज खाली करून विचारलं, "पण पब्लिक कसं असतं हो तिथे?"

आई पोहे परतत होती. म्हणाली, "असतात की सगळे. तुम्ही एक करा, चहाला जरा लवकर जा."